यॉटचे गंजलेले सीकॉक आणि थ्रू-हल बदलायचे कसे

शिडाच्या यॉटच्या तळाला, पाणरेषेच्या खाली, मुद्दाम पाडलेली पाच-सहा भोकं असतात. एकातून इंजिन थंड करायचं पाणी आत येतं, एकातून बेसिनचं पाणी बाहेर जातं, टॉयलेटची दोन, कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीच्या, निचऱ्याची एक-दोन. प्रत्येक भोकात बाहेरून टोपी असलेली आटेदार नळी बसवलेली असते, ती थ्रू-हल. आतून तिच्यावर चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह, तो सीकॉक. त्याच्यावर होज चढवायची खाचेदार नळी, ती होजटेल. तिघांपैकी कोणतंही एक तुटलं तरी परिणाम तोच. पाणरेषेच्या ६० सेंमी खाली ३८ मिमीचं भोक उघडं पडलं तर मिनिटाला सुमारे १४० लिटर पाणी आत येतं. बिल्ज पंपाच्या, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, खोक्यावरचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका. पाणी वर चढवायची उंची आणि होजमधलं घर्षण धरलं की पंप त्याच्या निम्म्याच्या आसपासच देतो.

पुढचं सगळं ३० ते ३५ फुटी फायबरग्लास यॉट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. मुंबई बंदरात मुरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधून, असते आणि पावसाळ्यात बाहेर काढली जाते तशी. लाकडी किंवा पोलादी नौकेचे नियम वेगळे, ते इथे नाहीत.

१. वेळ ठरवा

मुंबईत शिडाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. यॉट मे महिन्यात जमिनीवर आली की लगेच, पहिल्या पावसाच्या आधी हे काम उरका. ते जमलं नाही तर सरळ सप्टेंबर अखेरीपर्यंत थांबा. जून-जुलैमध्ये ताडपत्रीखाली भोकं उघडी केली तर फायबरचा कापलेला काठ वाळत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. त्यावर पुढचा थर चिकटत नाही. पावसाळ्यातच करावं लागलं तर प्रत्येक थर सुकल्यावर साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा, पुसा, मग घासा. सँडपेपर आधी मारलात तर मेण नुसतं पसरतं.

एक मोह टाळा. मुंबईत उधाणाची भरती-ओहोटी चार मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे ‘ओहोटीला यॉट चिखलात टेकवू, एक सीकॉक बदलू, भरतीच्या आत संपवू’ असं सुचवणारे भेटतात. जुनं फिटिंग अडकलं की घड्याळ तुमच्या हातात राहत नाही, आणि सीलंटला सुकायला वेळच मिळत नाही.

२. बदलायला हवं का, ते तपासा

हिरवट थर म्हणजे बिघाड नव्हे. तांब्याच्या मिश्रधातूवर तो येणारच. बोथट चाकूने किंवा पत्रीच्या कडेने एक रेघ ओढा. खाली पिवळी किंवा सोनेरी तकाकी दिसली तर धातू शाबूत आहे. गुलाबी, तांबूस, निस्तेज रंग दिसला तर पितळातलं जस्त समुद्राने खाल्लं आहे आणि मागे सच्छिद्र तांबं उरलं आहे. आकार तसाच दिसतो, ताकद गेलेली असते. असं फिटिंग हातोडीच्या हलक्या टोल्यावर खणखणत नाही, बद्द वाजतं.

बाहेरची टोपी, आतला व्हॉल्व्ह आणि होजटेल, तिन्ही वेगवेगळी तपासा. सगळ्यात आधी बहुधा होजटेल जाते, कारण तिचा पत्रा पातळ असतो आणि आट्यांच्या मुळाशी तर आणखीच. व्हॉल्व्ह धरून जोरात हलवा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या एच-२७ मानकाप्रमाणे सीकॉकने ५०० पाउंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा आडवा भार ३० सेकंद पेलला पाहिजे. लॉकरमधलं सामान घसरून आदळलं किंवा कोणी चुकून पाय दिला तरी तो टिकावा, हा त्यामागचा हेतू. तुमच्या हाताने जो हलतो तो या कसोटीच्या जवळपासही नाही.

बाकी सगळी फिटिंगं हिरवी आणि एकच लख्ख गुलाबी असेल, तर नवीन आणायच्या आधी वायरिंग तपासा. बिल्जच्या पाण्यात पडलेला पंपाचा किंवा फ्लोट स्विचचा (पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणाऱ्या बटणाचा) उघडा जोड तिथून वीज गळवत असतो. उत्तम ब्राँझसुद्धा अशा गळतीपुढे काही आठवड्यांत जातं.

यॉट जुन्या ब्रिटिश बनावटीची असेल आणि सीकॉक शंकूच्या जातीचे, म्हणजे आत बॉलऐवजी शंकू फिरणारे, असतील, तर ते उगाच उपटू नका. शंकू काढून व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने घासून बसवा, पाणी न धरणारं ग्रीस लावा. पुष्कळदा एवढं पुरतं.

३. धातू निवडा: इथेच पैसे वाया जातात

साध्या पितळात जस्त ४० टक्क्यांच्या आसपास असतं. युरोपात बनलेल्या अनेक यॉटवर कारखान्यातूनच असलं पितळ येतं, सीडब्ल्यू ६१७ एन या दर्जाचं. यात बेकायदा काही नाही. आयएसओ ९०९३-१ या १९९४ च्या मानकात गंजरोधक धातूची व्याख्याच अशी होती की पाच वर्षांच्या वापरात घट्टपणा, ताकद किंवा काम बिघडवणारा दोष दिसू नये. म्हणजे सहाव्या वर्षाची हमी कोणी दिलेलीच नव्हती. उबदार खाऱ्या पाण्यात बारा महिने उभ्या असलेल्या यॉटवर तर पाच वर्षं पुरी होण्याआधीच तपासणी सुरू करावी.

घ्यायचं काय, तर या तिघांपैकी एक:

- गनमेटल किंवा ब्राँझ. ८५-५-५-५, म्हणजे तांबं ८५ टक्के, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी पाच. भारतीय मानकात आयएस ३१८, ग्रेड एलटीबी-२.
- डीझेडआर, म्हणजे जस्त न सोडणारं पितळ, सीडब्ल्यू ६०२ एन. जस्त निघू नये म्हणून त्यात थोडं आर्सेनिक असतं. अंगावर बहुधा ‘सीआर’ किंवा ‘डीझेडआर’ असा ठसा असतो. ठसा नाही तर ते साधं पितळ समजा.
- काचतंतू मिसळलेलं नायलॉन, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या फोरस्पारचं मॅरेलॉन किंवा न्यूझीलंडचं ट्रूडिझाइन. गंज शून्य. पण दांडा नेहमी फिरवत राहावा लागतो, अडकल्यावर जोर लावला तर मोडतो. इंजिनाच्या कप्प्यात आगीचा विचार करून धातूचंच बसवावं, असं माझं मत.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गनमेटलचे व्हॉल्व्ह मिळतात, स्वस्तही पडतात. फसगत अशी होते की वरचं अंग गनमेटलचं आणि आतला बॉल क्रोम चढवलेल्या पितळाचा. अंग टिकतं, बॉलचं क्रोम सोलतं, मग व्हॉल्व्ह बंद होत नाही. बॉल आणि स्पिंडल कशाचे आहेत ते बिलावर लिहून घ्या. गेट व्हॉल्व्ह, म्हणजे गोल चाक फिरवायचे, कितीही दणकट वाटले तरी घेऊ नका. चालू की बंद हे नुसतं बघून कळत नाही, आणि फटीत बार्नॅकलचं, म्हणजे तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवाचं, एक कवच अडकलं तरी दार खाली बसत नाही.

‘मँगनीज ब्राँझ’ या नावाला भुलू नका. नावात ब्राँझ, पण जस्त जवळपास ४० टक्के; ते पितळच. स्टेनलेस ३०४ तर नकोच, आणि ३१६ चे बॉल व्हॉल्व्हही पाणरेषेखाली नकोत. सीलंटखाली किंवा बंद व्हॉल्व्हमध्ये साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन पोचत नाही, आणि मग स्टेनलेसला बारीक खोल खड्डे पडतात. बाहेरून ते चकचकीतच दिसत राहतं.

आता आटे. आपल्या प्लंबिंगचे आणि युरोपातल्या यॉटचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे असतात, अमेरिकन सामानाचे एनपीटी (निमुळते) किंवा एनपीएस (समांतर). अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे ते एकमेकांत जातात आणि बसले असं वाटतं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. एक इंचापासून पुढे बीएसपीला ११ आणि एनपीटीला साडेअकरा, तिथे तीन-चार वेढ्यांत अडकतं. दुसरा घोळ समांतर आणि निमुळत्या आट्यांचा. थ्रू-हलचे आटे समांतर असतात. त्यावर निमुळत्या आट्यांचा साधा व्हॉल्व्ह चढवला तर जेमतेम दोन-तीन आटे धरतात आणि सगळा भार त्यांच्यावर येतो. थ्रू-हल, सीकॉक आणि होजटेल एकाच मापपद्धतीचे, शक्य तर एकाच कंपनीचे घ्या. दुकानातच हाताने फिरवून बघा. पाच पूर्ण वेढे गेले पाहिजेत.

४. माप घ्या आणि सामान जमवा

‘एक इंची’ फिटिंग कुठेही एक इंच नसतं. बीएसपी आट्याचा बाहेरचा व्यास अर्ध्या इंचाला २१ मिमी, पाऊण इंचाला २६.४, एक इंचाला ३३.२, सव्वा इंचाला ४१.९ आणि दीड इंचाला ४७.८ मिमी. भोक याहून एक-दोन मिमी मोठं लागतं. जुन्या फिटिंगवर कॅलिपर लावा, होजवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

एका फिटिंगला लागणारं सामान:

- थ्रू-हल, फ्लँज (बोल्टने पक्की करायची सपाट कड) असलेला सीकॉक, होजटेल, सगळं एकाच धातूचं
- आतून सीकॉकच्या फ्लँजखाली बसवायच्या मागच्या पाटीसाठी १२ मिमी जाडीची ग्लास इपॉक्सी शीट, १५० मिमी चौरस. ही मुंबईत लोहार चाळीत इलेक्ट्रिकल इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे एफआर-४ किंवा जी-१० म्हणून मागावी. नसेल तर आयएस ७१० चा मरीन प्लाय, १८ मिमी
- इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर मिळून २०० ग्रॅम, घट्ट करायला कोलॉइडल सिलिका. फायबरवाले तिला एरोसिल म्हणतात
- पाणरेषेखाली चालणारं पॉलियुरेथेन सीलंट. ३०० मिलीची एक नळी चार फिटिंगांना पुरते
- ३१६ स्टेनलेसच्या होज क्लिपा चार
- मऊ लाकडाचं निमुळतं बूच एक

हत्यारं: चार इंची ग्राइंडर, ड्रिल, होल सॉ (ड्रिलला लावायची गोल भोक कापणारी करवत), दोन मोठे पाइप पाने, हॅक्सॉ, कानस, १२ मिमीचा आटेदार रॉड आणि मोठे वॉशर, थ्रू-हलच्या आतल्या कानांत बसणारा पायरीचा पाना, ॲसिटोन. चष्मा आणि चांगला मास्क सक्तीचा. काचेची धूळ छातीत राहते.

बिलं, धातूचं प्रमाणपत्र आणि कामाचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. विम्याच्या सर्व्हेअरने विचारलं की तेच पुरावे.

५. जुनं काढा

होज गरम पाणी किंवा हीट गन देऊन सोडवा. निघत नसेल तर उभा चिरा, तसाही नवा टाकायचा आहे. फ्लँजचे बोल्ट काढा. मग एकाने बाहेरून थ्रू-हल पायरीच्या पान्याने धरायचा आणि दुसऱ्याने आतून व्हॉल्व्ह फिरवायचा. आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवलं असेल तर निम्मे तरी असे निघतात.

उरलेल्यांशी कुस्ती करू नका. पान्याला लांब पाइप जोडून जोर काढला की फिटिंगऐवजी फायबरचे थर सुटतात, आणि शंभराच्या कामाचं हजाराचं होतं. बाहेरून ग्राइंडरने टोपी घासत जा. तिचा काठ कागदासारखा पातळ झाला की कडं सुटून पडतं. चाक जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला, लागू देऊ नका. मग लाकडी ठोकळा लावून उरलेली नळी आतल्या बाजूला ठोका. इंजिनाखाली जागा नसेल आणि आतून ती पडत नसेल, तर बाहेरून मोठ्या व्यासाच्या पाइपचा तुकडा टेकवा, मधून आटेदार रॉड घाला, आत वॉशर-नट, बाहेर नट, आणि आवळत जा. अडेल ती नळी मुकाट बाहेर येते.

भोक मोठं करायचं असेल तर होल सॉच्या मधल्या ड्रिलला धरायला काहीच नसतं. जुन्या भोकात लाकडी बूच ठोकून सपाट कापा आणि त्याच्या मध्यावर ड्रिल लावा.

६. भोक आणि मागची पाटी

भोकाच्या काठाकडे नीट बघा. दोन फायबर थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम दिसलं, तर भोकाभोवती किमान २५ मिमीपर्यंत ते कोरून काढा, पूर्ण वाळू द्या आणि घट्ट इपॉक्सी भरा. मग पुन्हा भोक पाडा. हे टाळलं तर सीलंटमधून झिरपलेलं पाणी वर्षानुवर्षं आतलं बाल्सा कुजवत जातं. एखादं भोक कायमचं बुजवायचं असेल तर बाहेरून जाडीच्या बारापट उतार घासून घ्या. १२ मिमी जाडीला चारी बाजूंनी १४४ मिमी. मग इपॉक्सीत काचेच्या कापडाचे थर. न लागणारं भोक ठेवण्यापेक्षा ते बुजवलेलं बरं.

मागची पाटी सीकॉकच्या फ्लँजपेक्षा चारी बाजूंनी २५ मिमी मोठी कापा, कडा तिरप्या करा. प्लाय वापरत असाल तर सगळ्या कडांना आणि भोकाच्या आत इपॉक्सीचे तीन हात, आणि पाटी चिकटवायच्या आधी सातव्या पायरीतलं बोल्टचं काम उरका. आतला रंग आणि जुना सीलंट घासून उघडं फायबर आणा, ॲसिटोनने पुसा.

यॉटचा तळ आतून वाकडा असतो आणि पाटी सपाट. मधली फट पुट्टीसारख्या घट्ट इपॉक्सीने भरायची. पाटी बसताना थ्रू-हलशी काटकोनात राहावी म्हणून आटेदार रॉडवर प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळा, बाहेर लाकडी ठोकळा, आत वॉशर, आणि हलक्या हाताने आवळा. बाहेर आलेलं इपॉक्सी बोटाने गोलाकार फिरवून कोपरा भरा. फायबरवाला ‘पॉलिस्टर आणि मॅट (काचतंतूंची चटई) मारून देतो’ म्हणेल. जुन्या सुकलेल्या फायबरवर पॉलिस्टरची पकड कमजोर असते. इपॉक्सीच वापरा.

७. कोरडं बसवून बघा

सीलंट न लावता सगळं जोडा. थ्रू-हल बाहेरून घाला, आतून सीकॉक फिरवा. टोपी बाहेर टेकली पाहिजे आणि फ्लँज पाटीवर बसला पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. बहुधा थ्रू-हलची नळी लांब निघते. मग ती सीकॉकच्या आत तळाला टेकते, फ्लँज अधांतरी राहतो, आणि घट्ट झालंय असा भास होतो. किती जास्त आहे ते मोजून हॅक्सॉने कापा. कापायच्या आधी नळीवर एक नट चढवून ठेवा. नंतर तो उलटा काढला की आट्यांचा बिघडलेला काठ आपोआप सरळ होतो. कानसीने कड मोडा.

दांडा कुठल्या बाजूला उघडतो, पूर्ण ९० अंश फिरतो का, लॉकरचं झाकण आड येतं का, हे आत्ताच बघा. मग फ्लँजच्या बोल्टच्या खुणा करा. बोल्टची भोकं पाटीतच आटे पाडून ठेवा, तळातून आरपार नको. पाणरेषेखाली नवी तीन भोकं पाडायची गरजच काय? एफआर-४ मध्ये ८ मिमीचे आटे चांगले धरतात. प्लायमध्ये धरत नाहीत; तिथे बोल्टची डोकी पाटीच्या मागून खाच पाडून बसवा आणि पाटी चिकटवायच्या आधीच इपॉक्सीत पक्की करा.

८. सीलंट लावून बसवा

टोपीभोवती तळावर मास्किंग टेप लावा. सीलंट टोपीच्या आतल्या बाजूला जाड वलय करून, आट्यांवर आणि फ्लँजखाली. बाहेरच्याने थ्रू-हल दाबून स्थिर धरायचा, आतल्याने सीकॉक फिरवायचा. उलट करू नका. टोपी फिरली की सीलंटमध्ये फटी पडतात. सगळीकडून सारखी रेघ बाहेर आली की थांबा. आणखी आवळून सगळं सीलंट पिळून काढलं तर सील करायला काही उरत नाही. मग फ्लँजचे बोल्ट.

सिलिकॉन पाणरेषेखाली चालत नाही. कायमस्वरूपी चिकटणारी अतिजहाल पॉलियुरेथेनंही मी सुचवणार नाही, कारण दहा-पंधरा वर्षांनी हेच काम पुन्हा निघेल तेव्हा फिटिंगसोबत जेलकोटही येतो. पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने सुकतं, त्यामुळे मुंबईत ते लवकर सुकतं. तरी फ्लँजखालच्या आतल्या भागापर्यंत ओल पोचायला वेळ लागतो. आठवडा द्या.

९. होज आणि क्लिपा

पाणी आत ओढणाऱ्या होजमध्ये तारेची वेटोळी हवी, नाहीतर इंजिनाच्या पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. होजटेलच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा सीलंट. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू विरुद्ध दिशांना. पण दुसरी क्लिप होजटेलच्या खाचांवर पूर्ण बसत असेल तरच. काठाबाहेर गेली तर ती होज कापते. क्लिपच्या स्क्रूला चुंबक लावून बघा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल सर्रास विकला जातो. सीकॉकच्या दांड्याचा नटही तसाच तपासा.

प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाचं बूच दोरीने बांधून ठेवा.

१०. पाण्यात उतरवताना

सगळे सीकॉक बंद करून उतरवा. क्रेनवाल्याला आधीच सांगा की पट्टे सैल न करता पंधरा मिनिटं थांबायचं आहे. तेवढ्या वेळात प्रत्येक फिटिंगभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर दिसते. मग एकेक सीकॉक उघडा आणि होजटेलचा जोड तसाच तपासा. थेंबभर जरी आलं तरी वर घ्या. तरंगत्या यॉटवर आवळून थेंब थांबवणं म्हणजे अर्धवट सुकलेलं सील फोडणं.

पहिली रात्र यॉटवरच कोणीतरी झोपावं. चोवीस तासांनी पुन्हा कागद फिरवा, आठवड्याने क्लिपा एकदा आवळा. त्यानंतर महिन्यातून एकदा प्रत्येक दांडा पूर्ण बंद, पूर्ण चालू. मुंबईच्या पाण्यात न वापरलेल्या बॉलवर दोन महिन्यांत बार्नॅकल बसतात आणि फिरवताना आतलं टेफ्लॉनचं आसन ओरबाडतात.